मृणालचे शेअर्स आणि बाणेरचा फ्लॅट

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझ्या बायकोचे, मृणालचे शेअर्स विकून बाणेरचा फ्लॅट घ्यायचं बोलणं निघालं, तेव्हा "आई, तू यात पडू नकोस" म्हणालास. नाही पडत. पण जन्म करसल्लागाराच्या ऑफिसात गेला, गप्प बसवत नाही.

शेअर्स मृणालच्या अमेरिकन कंपनीचे. विकणार ती, नफ्यावरचा कर तिला. व्हेस्ट होऊन, म्हणजे तिच्या मालकीचे होऊन, 24 महिने उलटले असतील तर साडेबारा टक्के. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातल्या 54 एफ कलमाच्या सवलतीत तो घर घेऊन वाचतो, पण नुसता नफा गुंतवून नाही. विक्रीची सगळी रक्कम घरात गेली तरच पूर्ण सूट. आणि करारनामा एकट्या तुझ्या नावावर का, तर कर्ज तुझ्या पगारावर आहे म्हणून? एका करदात्याने घर मुलाच्या नावावर घेतलं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने 2008 मध्ये ही सूट नाकारली होती. दिल्लीच्या न्यायालयाने बायकोच्या नावावरचं घर मान्य केलं, पण आपण पुण्यात राहतो. तिचं नाव घाल रे.

महिलेच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, दोघांची नावं असली की नाही. ती जाऊ दे. नावं दोघांचीच असू देत, आणि कोणाच्या खात्यातून किती गेले ते स्पष्ट असू दे.

दुसरं, तिच्या रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरलंय ना? शेअर्स विकले नाहीत तरी दर वर्षी दाखवावे लागतात. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर 2024 पासून 20 लाखांपर्यंतच्या शेअर्सना त्यातून सूट आहे, पण तिचे त्याहून जास्त असणार. जुनी रिटर्न्स काढून बघा.

बघ, पुन्हा शिकवणी सुरू झाली. रागावू नकोस.

आपलं घर घेताना माझ्या पाटल्या मोडल्या. सराफाने काट्यावर ठेवल्या तेव्हा तू माझा पदर धरून चिंचेची गोळी चोखत होतास. इंडेक्स टूवर, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, नाव मात्र बाबांचं एकट्याचं. कोणाच्या मनातही आलं नाही, अप्पांच्या तर नाहीच. बाबा गेल्यावर त्याच घरासाठी वारस म्हणून मी अर्ज घेऊन फिरले. तू तेव्हा बंगळूरला होतास, तुला फार कळू दिलं नाही.

मृणाल रात्री अकराला कॉलवर बसते आणि सकाळी ओवीचा डबाही भरते. बेबीमावशीला तिच्याबद्दल सांगताना माझा ऊर भरून येतो. तुझाही येतोच. तिने स्वतः नाव मागितलेलं नाही, मागणारही नाही, म्हणूनच मी लिहितेय.

टोकन देण्याआधी करारनाम्याचा मसुदा पाठव. खरेदीदार म्हणून पहिल्या पानावर कोणाकोणाची नावं आहेत तेवढंच मी बघेन, बाकीचं सीए बघेल.

तुझी,
आई