खर्चीवाल्याच्या मागापर्यंत तंत्रज्ञान पोचवा : वस्त्रोद्योग मंत्र्यांना खुले पत्र

मा. वस्त्रोद्योग मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी इचलकरंजीतला खर्चीवाला यंत्रमागधारक. आठ साधे माग, शेड भाड्याचं. बीम (उभे धागे गुंडाळलेले रूळ) व्यापाऱ्याचे, सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच. आम्ही ते मजुरीवर विणून देतो. आमच्या गावात माझ्यासारखे खूप आहेत आणि आधुनिकीकरणाची चर्चा निघाली की आम्हीच त्यातून वगळले जातो, म्हणून हे पत्र.

आमच्या शेडमध्ये काय होतं ते आधी सांगतो. एका बीमवर हजारो तारा, म्हणजे उभे धागे, असतात. चालत्या मागावर त्यातली एक तुटली तरी साधा माग थांबत नाही, तो विणतच राहतो. एक कामगार चार माग बघतो. तो तिसऱ्या मागावर धोट्यातली सुताची कांडी बदलत असतो, तेव्हा पहिल्या मागावर तार तुटलेली असते. त्याचं लक्ष जाईपर्यंत कापडात हात-दोन हात लांब उभी रेघ पडलेली असते. मग माग बंद करायचा, तार वही-फणीतून (मागावर तारा ओवायच्या चौकटींतून) ओढायची, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. पडलेली रेघ मात्र तशीच राहते. ताग्याची तपासणी झाली की त्या रेघेची कपात मजुरीतून होते. दिवसभर उभं राहून केलेलं काम हातभर रेघेपायी वाया गेलेलं मी लहानपणापासून बघतोय.

याला उपाय आहे आणि तो जुनाच आहे. त्याला वॉर्प स्टॉप मोशन म्हणतात. प्रत्येक तारेवर पातळ पत्र्याची एक पट्टी लटकत असते. तार तुटली की पट्टी खाली पडते, विजेचा संपर्क होतो आणि माग जागच्या जागी थांबतो. रेपियर किंवा एअरजेट अशा नव्या, बिनधोट्याच्या मागाच्या किमतीपुढे हा खर्च अगदी थोडा आहे. माझ्यासारख्याच्या दृष्टीने तंत्रज्ञान म्हणजे आज हीच पट्टी.

ही गोष्ट सरकारला माहीत नव्हती असं नाही. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्राच्या पॉवरटेक्स योजनेत साध्या मागांना अशाच जोडण्या, म्हणजे जादा उपकरणं, बसवायला अनुदान होतं, तेही आठ मागांपर्यंतच, म्हणजे नेमकं माझ्यासारख्यासाठी. तिची मुदत संपली. त्याआधी १९९९ पासून तंत्रज्ञान उन्नयन निधीच्या योजना होत्या. त्यातली शेवटची सुधारित योजना मार्च २०२२ पर्यंत चालली. तिच्यात नव्या, बिनधोट्याच्या मागांना १० टक्के भांडवली अनुदान होतं, कमाल २० कोटी. साहेब, २० कोटींची मर्यादा घालताना डोळ्यासमोर कोण असेल? शिवाय बँकेचं कर्ज हवं, मशीन आधी बसवायची, तपासणी व्हायची आणि मग अनुदान. मी एका बँकेत कर्जासाठी गेलो होतो. तारण काय, एवढंच त्यांनी विचारलं. भाड्याच्या शेडमधले जुने माग त्यांना तारण वाटले नाहीत.

आम्ही नवं काही घेत नाही, असं अधिकारी म्हणतात तेव्हा फार वाईट वाटतं. कामगारांचा आठवड्याचा पगार आम्ही फोनवरून द्यायला लागलो, तेव्हा शिकवायला कोणीही आलं नव्हतं. घरातून पैसे घालावे लागले नाहीत आणि फायदा त्याच दिवशी दिसला, म्हणून ते सगळ्यांनी उचललं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हा त्यांच्या पाठीशी इचलकरंजीचे जहागीरदार नारायणराव घोरपडे उभे होते. नवी वस्तू पहिल्यांदा आणणाऱ्याला कोणीतरी आधार द्यावा लागतो. तो मिळाला म्हणूनच हे गाव उभं राहिलं.

राज्याचं २०२३ ते २८ चं वस्त्रोद्योग धोरण अजून चालू आहे. त्यात साध्या मागांच्या जोडण्यांसाठी वेगळी तरतूद करा. अनुदान आमच्या खात्यात वर्षभराने देण्यापेक्षा जोडणी बसवणाऱ्याला थेट द्या, आमचा वाटा आमच्याकडून हप्त्याने घ्या. जोडणी बसवली की ती सांभाळणारा जॉबर, म्हणजे मागांचा मिस्त्रीही लागतो. पट्टी अडकली आणि माग उगाच थांबायला लागला, तर कामगार चार दिवसांत ती काढून कोपऱ्यात ठेवेल. गावात पॉवरलूम सेवा केंद्र आहे, डीकेटीईसारखी वस्त्रोद्योगाची संस्था आहे. तिथून शिकलेली माणसं महिन्यातून एकदा शेडमध्ये येऊन माग बघून गेली, तरी आमचं अर्धं काम होईल. मजुरी वेळेवर मिळावी हेही आहेच. सूक्ष्म-लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात पैसे चुकते करायला ४५ दिवसांची मुदत आहे, पण पुढचा बीम ज्याच्याकडून घ्यायचा त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार?

आणखी एक. २०२४ मध्ये सरकारने २७ अश्वशक्तीपेक्षा कमी जोडभार असलेल्या यंत्रमागधारकांना युनिटमागे १ रुपयाची जादा वीज सवलत जाहीर केली, त्याबद्दल मनापासून आभार. पण माझं मीटर शेडमालकाच्या नावावर आहे, आणि अर्ज भरायला बसलो की गाडी तिथेच अडते. नवी योजना आणाल तेव्हा तिच्या अर्जात भाडेकरू यंत्रमागधारकासाठी एक रकाना ठेवा आणि भाडेपावतीला पुरावा माना.

आपला,
एक खर्चीवाला यंत्रमागधारक
इचलकरंजी, जि. कोल्हापूर