सान मार्झानो म्हणजे नुसतं नाव नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतला पिझ्झावरचा लेख वाचला, छान जमलाय, पण ‘सान मार्झानो टोमॅटो वापरला की पिझ्झा अस्सल नेपल्सचा’ हे जे ठोकून दिलंय ते काही पटलं नाही. सान मार्झानो ही मुळात टोमॅटोची जात, बी मिळालं की कोणीही कुठेही लावावं, अमेरिकेत लावतात आणि त्याच नावाने डबेही विकतात. युरोपात १९९६ पासून ज्याला डीओपीचं, म्हणजे ठराविक भागातल्याच मालाला ते नाव लावता येईल असं, संरक्षण आहे तो माल वेगळा, तो इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीजवळच्या सार्नो-नोचेरा पट्ट्यातच पिकवायचा आणि तिथेच सोलून डबाबंद करायचा. आपल्याकडे कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरतात ना, तोच धंदा इटलीतही चालतो, २०१० मध्ये तिथल्या पोलिसांनी सान मार्झानोच्या नावाचे खोटे डबे टनावारी जप्त केले होते!

आता चवीचं. लेखात सगळं श्रेय ज्वालामुखीच्या मातीला दिलंय. माती आहेच हो, पण तिथे झाडं आधाराला बांधून वाढवतात, फळ झाडावर लाल झालं की हाताने तोडतात, एकदम नाही, तोडा-तोडा करून, आणि जवळच्याच कारखान्यात डबाबंद करतात, याचं काय? आमच्या नारायणगावकडेही तार-बांबूवर बांधणी करतात आणि हातानेच तोडे होतात, पण दिल्लीला जायचा माल जरा रंग धरला की तोडावा लागतो, आणि जात पण जाड सालीची लागते, नाहीतर क्रेटमध्येच रस निघायचा. वर आपण घरी आणून फ्रिजमध्ये कोंबतो. थंडीने टोमॅटोचा वास देणारे घटक कमी होतात आणि बाहेर काढून ठेवला तरी पूर्ण परत येत नाहीत, हे फ्लोरिडाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलंय. मग ‘इथल्या टोमॅटोला चव नाही’ म्हणून जुन्नरच्या मातीला कशाला बोल लावायचा?

ज्या हॉटेलांच्या मेनूवर हे इटालियन नाव छापलेलं असतं तिथे गिऱ्हाइकाने डबा बघायला मागावा, डीओपीचा लाल-पिवळा गोल शिक्का आहे का बघावं, नसेल तर नावाचे जादा पैसे देऊ नयेत. आणि तुमच्या प्रतिनिधीला एकदा सीझनमध्ये इकडे शेतावर पाठवा, झाडावर पिकलेला खाऊन बघू दे आणि मग लिहू दे.

आपला,
जुन्नर तालुक्यातला एक वाचक