मजुरांच्या सोयी आणि बांधकामाची गती
बांधकाम रखडले की दोष मजुरांच्या आळसाला दिला जातो. पण साइटवर त्यांना कोणत्या स्थितीत राबावे लागते, याची चौकशी क्वचितच होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार ३३ ते ३४ अंश सेल्सिअस तापमानात मध्यम श्रमाचे काम करणाऱ्याची कार्यक्षमता निम्म्याने घटू शकते. मग भर उन्हात तापलेल्या सळया बांधणाऱ्याचे हात भरभर चालणार कसे? पिण्याचे पाणी तळमजल्यावर आणि काम आठव्या मजल्यावर असेल, तर तो एक तर जिने चढण्या-उतरण्यात ताकद घालवतो किंवा तहान मारतो, आणि तहानेने लक्ष उडाले की सळयांमधले अंतर चुकून बांधणी सोडून पुन्हा करावी लागते. डळमळत्या परांचीवरील गवंड्याचे निम्मे लक्ष तर तोल सांभाळण्यातच जाते. स्त्री कामगारांसाठी स्वच्छतागृह नसणे हे तर लाजिरवाणेच आहे. त्यापायी अनेकजणी दिवसभर पाणी पिणे टाळतात. ओव्हरटाइमने ही तूट भरून निघते, हा समजही चुकीचा आहे, कारण थकलेल्या हातांकडून कामापेक्षा चुका आणि अपघातच अधिक होतात. ठेकेदारांनी कामाच्या मजल्यावरच पाणी व सावली पुरवावी, विश्रांतीची मजुरी कापू नये आणि हा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा.
– एक वाचक