मंत्रीमहोदय, सातव्या दिवसाचे सोडियम कोण तपासणार?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ झालेल्या रुग्णांच्या हार्मोन तपासण्या सांगली जिल्ह्यातच होतील, असे आश्वासन मिळाले होते. गेल्या सोमवारी एका सरकारी प्रयोगशाळेच्या खिडकीवर कागद चिकटला: ‘कॉर्टिसॉल, प्रोलॅक्टिन, एफटी४ – किट शिल्लक नाही.’ सही नाही, तारीख नाही, शिक्का मात्र ठसठशीत.

या किटांवाचून काय अडते, ते ऐका. प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे हार्मोन बनवणारी गाठ बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आकसते, ऑपरेशन लागत नाही. गाठ मोठी असेल तर रक्ताचा नमुना पातळ करून पुन्हा तपासावा लागतो, कारण प्रोलॅक्टिन अतोनात असले की यंत्र फसते आणि आकडा उलट कमी दाखवते. तपासणीच नाही म्हटल्यावर गोळीवर भागणारा माणूस थेट टेबलावर जाणार. नुसत्या टीएसएचवर, म्हणजे थायरॉइडला चालना देणाऱ्या पिट्युटरीच्या हार्मोनवर, विसंबता येत नाही; पिट्युटरीच बिघडलेली असेल तर तो नॉर्मल दिसतो आणि एफटी४, म्हणजे रक्तातला थायरॉइडचा हार्मोन, मात्र खाली गेलेला असतो. आणि सकाळी ८ चे कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड, न पाहता थायरॉइडची गोळी थायरॉक्सिन सुरू केली, तर स्टेरॉइड कमी असलेला रुग्ण कोसळतो. आधी स्टेरॉइडची गोळी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन, हा क्रम चुकवून चालत नाही.

नाकातून ऑपरेशन झाले की पहिले दोन-तीन दिवस दर तासाची लघवी मोजायची. सलग दोन-तीन तास २५०-३०० मिलीच्या वर, पाण्यासारखी स्वच्छ, आणि रक्तातले सोडियम १४५ च्या पुढे, म्हणजे लघवी आवरणाऱ्या डेस्मोप्रेसिन औषधाची वेळ आली. वॉर्डात मोजपात्र तरी आहे का, हे एकदा न कळवता येऊन पाहा. दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी, त्या दिवसाचा हायड्रोकॉर्टिसोनचा डोस देण्याआधी, पुन्हा कॉर्टिसॉल. ३ मायक्रोग्रॅमच्या खाली आले तर गोळी बंद करायची नाही.

खरा घात चौथ्या ते दहाव्या दिवसात होतो. तोवर माणूस जतला, आटपाडीला घरी पोचलेला असतो. आता चक्र उलटे फिरते: शरीर पाणी धरून ठेवते आणि सोडियम घसरते. डोके दुखते, मळमळते, मग भ्रम, मग झटके. घरचे मायेने तांब्याने पाणी पाजतात, गावातला दवाखाना ग्लुकोजची बाटली लावतो, आणि दोन्हींनी सोडियम आणखी खाली जाते. सातव्या दिवशी केलेली एक तपासणी हे सांगू शकते. ती स्वस्त आहे, पण तालुक्याला होईलच याची खात्री नाही. डिस्चार्ज कार्डावर ‘सातव्या दिवशी सोडियम’ एवढी ओळसुद्धा नसते!

१५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी उपचार मोफत, असा गाजावाजा झाला. तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांपुरता. सांगली-मिरजेची मोठी सरकारी रुग्णालये वैद्यकीय शिक्षण खात्याची, त्यामुळे आमच्या वाट्याला पावतीपुस्तक. आपण कुठल्या खात्यात आहोत, हे पिट्युटरीला कसे कळावे? महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बसते, डिस्चार्जनंतरची १० दिवसांची औषधे बसतात. हायड्रोकॉर्टिसोन मात्र काहींना जन्मभर लागते. अकराव्या दिवसापासून ते कुणी विकत घ्यायचे? खासगीत सगळे हार्मोन एकदा तपासायचे तर चार-पाच हजार कुठे गेले नाहीत, आणि सहा आठवड्यांनी ते पुन्हा करावे लागतात. उद्घाटनाच्या फ्लेक्सला ‘साहित्य शिल्लक नाही’ असे कधी ऐकले नाही. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला ते रोज ऐकावे लागते, आणि वर ‘उद्या या’.

किट पुन्हा सुरू करा. सोडियमची तपासणी तालुक्यात आणा. आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन ठेवा: तापात गोळीचा डोस दुप्पट करता येतो, पण उलट्या लागल्या की गोळी पोटात टिकत नाही, आणि जतहून मिरज गाठेपर्यंत घसरणारा रक्तदाब वाट पाहत थांबत नाही.

उत्तर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असे देणार असाल, तर टपालखर्च वाचवा.

आपला,
जत तालुक्यातील एक नागरिक