गच्चीवरच्या उन्हाचेही माप हवे

संपादक महोदय,

छतावरील सौरऊर्जेच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेमुळे सोसायट्यांच्या गच्च्यांवर सौर पॅनेल चढली. पण इन्व्हर्टरचे अॅप किती युनिट झाले तेवढेच सांगते. किती व्हायला हवे होते ते नाही. त्यासाठी पॅनेलच्याच कलाने बसवलेला सिलिकॉन रेफरन्स सेल, म्हणजे ऊन मोजणारा छोटा सौर सेन्सर, लागतो. त्याचा शॉर्टसर्किट प्रवाह (दोन्ही टोके थेट जोडल्यावर वाहणारा) उन्हाच्या प्रमाणात बदलतो आणि नोंद आरएस-४८५ या डेटा-तारेने डेटा लॉगरकडे, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या यंत्राकडे जाते.

हिशेब सोपा आहे. यंत्रणा १० किलोवॅटची, दिवसभरात दर चौरस मीटरला ५.५ किलोवॅट-तास ऊन, म्हणजे कागदावर १० × ५.५ = ५५ युनिट. उष्णता, तारा, इन्व्हर्टर यांतली घट धरून ४२-४३ मिळाले तर ठीक. ३३ वर अडकले तर धूळ, सावली किंवा बंद पडलेली स्ट्रिंग (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलची साखळी) शोधावी.

घोळ होतो तो बसवताना. सेन्सर आडवा ठेवला किंवा टाकीच्या सावलीत आला की आकडे वाया. तो नियमित पुसावाच. पॅनेलइतकाच मळला, तर दोन्हींचे आकडे सारखेच उतरतात आणि धुळीचे नुकसान दिसतच नाही! पॅनेलच्या पाठीला पीटी-१००० तापमापकही चिकटवावा. कारण पॅनेल २५ अंश सेल्सिअसच्या वर तापले की दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटते. कंत्राटात नुसते ‘सेन्सर’ न लिहिता कॅलिब्रेशन (मापाची अचूकता तपासल्याच्या) प्रमाणपत्राची आणि ठरावीक मुदतीने फेरतपासणीची अट घालावी.

– एक विद्युत अभियंता, पुणे