कोरलच्या टाकीत तांब्याचे औषध: सेवेतील गंभीर त्रुटीबद्दल तक्रार

ठाणे (पश्चिम)
दि. ८ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: घरच्या समुद्री रीफ टाकीत (प्रवाळ म्हणजे कोरल, कोळंबी, गोगलगायी अशा जिवांच्या टाकीत) तांबेयुक्त औषध टाकून झालेले नुकसान, आणि ती तक्रार परस्पर बंद केल्याबाबत

संदर्भ: १ एप्रिल २०२५ पासूनचा वार्षिक देखभाल करार; दि. २१ ऑगस्ट २०२५ ची सर्व्हिस भेट

महोदय,

दि. २१ ऑगस्ट रोजी आपल्या तंत्रज्ञाने माझ्या टाकीच्या संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत, जिथून पाणी वर फिरते) तांब्याचे औषध ओतले. मी कामावर होते. घरी आई होती. तिने त्याला विचारले, "अरे, हे निळं निळं काय ओततोयस?" त्यावर "आजी, माशांचं औषध आहे, ठिपके आलेत ना," असे उत्तर देऊन त्याने जॉबकार्डवर तिची सही घेतली. कार्डावर त्याच्याच अक्षरात लिहिले आहे: "मेडिसिन टाकले, पाणी ओके." मला फोन करावा असे त्याला वाटले नाही. माझा नंबर त्याच कार्डाच्या माथ्यावर छापलेला आहे.

ठिपके आले होते, हे खरे आहे. दोन्ही क्लाउनफिशच्या परांवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे कण दिसत होते. समुद्री टाकीत हा आजार नेहमीचा असून क्रिप्टोकॅरियन नावाच्या परजीवीमुळे तो होतो. त्यावर तांबे चालते, हेही मला ठाऊक आहे. पण माशांना सोसणारे तांबे कोरल, कोळंबी, गोगलगायींना मारते, म्हणून प्रश्न ते कुठे टाकायचे हा आहे. मासे पकडून वेगळ्या टाकीत न्यायचे, औषध तिथे द्यायचे आणि मुख्य टाकी साधारण अडीच महिने माशांविना चालू ठेवायची. यजमान मिळाला नाही की परजीवी आपोआप संपतो. मी हे कुठून शोधून काढलेले नाही. आपल्याच करारात "आजारी माशांवर उपचार स्वतंत्र हॉस्पिटल टँकमध्ये केले जातील" असे स्वच्छ लिहिले आहे. ती हॉस्पिटल टँक आपणच मला विकलीत. २१ तारखेला ती ड्राय बाल्कनीत कोरडी पडून होती, आजही तिथेच आहे.

संध्याकाळी घरी आले तेव्हा टाकीतले दृश्य काय होते ते सविस्तर लिहिते, कारण आपल्या कॉल सेंटरला ते सांगण्याची संधी मला मिळालीच नाही. एरवी दिवसा कधी न दिसणारे ब्रिसल वर्म, म्हणजे केसाळ समुद्री किडे, खडकाच्या भोकाभोकांतून अर्धे बाहेर येऊन लोंबत होते. टर्बो गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत उताण्या पडल्या होत्या, पाय शंखाबाहेर, आणि बोट लावले तरी आत घेत नव्हत्या. क्लीनर कोळंबी एका कुशीवर पडलेली, मागचे पाय तेवढे हलत होते. झेनिया या मऊ कोरलचे पंजे दिवसभर उघडझाप करतात, ते थांबून मलूल झाले होते आणि सकाळपर्यंत त्यांचा चिकट चोथा झाला. टोडस्टूल लेदर या मऊ कोरलने सगळे पॉलिप (वरचे फुलासारखे बारीक जीव) आत ओढून घेतले होते, वर मेणासारखा थर. पाण्यातली घाण फेसावाटे काढणारा स्किमर फेस गाळून गाळून कपाबाहेर वाहत होता. रात्री अमोनिया तपासला तर १ पीपीएमच्या (लिटरला १ मिलिग्रॅमच्या) घरात. एरवी या टाकीत तो कधी दिसतच नाही. खडकाच्या आत किती काय मेले असेल याचा अंदाज त्यावरूनच येतो.

मी त्याच रात्री बरेचसे पाणी बदलले, कार्बन लावला आणि तांबे शोषून घेणारा पॉलीफिल्टरचा पॅड संपमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पॅड निळा पडला होता. तांबे ओढले की तो निळा पडतो. फोटो सोबत आहे. औषधाची अर्धी भरलेली बाटली आपला माणूस टाकीखालच्या कपाटातच विसरून गेला. कोळंबी, गोगलगायी, कोरल असलेल्या टाकीत वापरू नये, हे त्या लेबलवर बारीक का होईना, पण छापलेले आहे. पाणी बदलण्याआधी काढून ठेवलेला नमुना मी खासगी प्रयोगशाळेत दिला. अहवालात तांबे ०.१९ मिलिग्रॅम प्रति लिटर आले आहे. माशांच्या उपचारात साधारण एवढेच ठेवतात. म्हणजे डोस अगदी बरोबर होता. टाकी चुकली. पेस्ट कंट्रोलवालासुद्धा फवारणीआधी पोळ्यांचा डबा बाहेर काढायला सांगतो.

आपल्या प्रतिनिधी बाई फोनवर मला म्हणाल्या, "मॅडम, समुद्रात पण कॉपर असतंच ना?" असते. कोळंबीच्या तर रक्तातच असते, त्याशिवाय तिला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. पण मोकळ्या समुद्राच्या पाण्यात ते लिटरला मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. माझ्या टाकीत ते त्याच्या शेकडो पट होते.

आता मूळ तक्रार. आपल्या अ‍ॅपवर तक्रार नोंदवायला गेले तर पर्याय चारच: मासा मेला, गळती, लाइट, इतर. माझे मासे मेले नाहीत. तांब्याने त्यांचे ठिपकेही गेले आणि आपल्या तंत्रज्ञाने "मासे बरे झाले ना मॅडम?" असा मेसेजही पाठवला. म्हणून मी "इतर" निवडले. चार ओळींच्या चौकटीत मावेल तेवढे लिहिले. दोन दिवसांनी तक्रार "निकाली" म्हणून बंद झाली. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर एक वाक्य आले: समुद्री जीव नाजूक असतात, लाइव्ह स्टॉकवर वॉरंटी नसते.

मी वॉरंटी मागितलेलीच नाही. दुकानातून आणलेली कोळंबी आठवड्यात मेली असती तर मी गप्प बसले असते. हा धंदा तसाच आहे, हे मला मान्य आहे. पण इथे जीव आपणहून मेले नाहीत. आपण पैसे घेऊन पाठवलेल्या माणसाने आपल्याच कराराच्या विरुद्ध जाऊन ते मारले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये याला सेवेतील त्रुटी म्हणतात. आणि कोरल मुळात कमकुवत होते असा जर आपला पवित्रा असेल, तर याच टोडस्टूलचा एक फ्रॅग, म्हणजे कापून वेगळा केलेला तुकडा, मी पूर्वी डोंबिवलीच्या मैत्रिणीला दिला होता. तो तिच्याकडे आज हाताच्या पंजाएवढा झाला आहे. येऊन पाहा.

यानंतर आपल्या विभागीय व्यवस्थापकांचा फोन आला. ते सौजन्याने बोलले, हे नमूद करते. त्यांनी भरपाई म्हणून क्लीनर कोळंब्यांची एक जोडी आणि "प्रीमियम हार्ड कोरल", म्हणजे टॉर्च आणि हॅमर हे दगडी प्रवाळ, मोफत देऊ केले. या दोन्ही गोष्टी मी का नाकारल्या ते लेखी देते.

कोळंबीचे कारण सोपे आहे. ती या टाकीत जगणार नाही. पाणी बदलून तांबे पूर्ण जात नाही. ते कॅल्शियम कार्बोनेटच्या खडकात आणि वाळूत धरून बसते, आणि पीएच खाली आला की थोडे थोडे परत पाण्यात सुटते. माझ्या टाकीत ४५ किलो खडक आहे. समुद्रातून काढलेला नाही, कारखान्यात तयार केलेला, आपल्याकडूनच बिलावर घेतलेला. तो आला तेव्हा पांढराफटक, कोरडा होता. त्यावर जिवाणू वसायला, गुलाबी-जांभळे कोरलाइन शेवाळ चढायला, भोकांत बारीक जीव नांदायला दोन वर्षांहून जास्त काळ गेला. टाकीतले नायट्रेट आटोक्यात ठेवणारा फिल्टर म्हणजे तोच खडक. आपण मेलेल्या जिवांची किंमत लावून हिशेब मिटवू पाहताय, पण बिघडलाय तो खडक. त्याच खडकावर नवे जीव सोडा म्हणणे म्हणजे तेही मारा म्हणणे.

हार्ड कोरलबद्दल मला जास्त बोलायचे आहे. टाकी लावताना आपल्या माहितीपत्रकात "मिक्स्ड रीफ पॅकेज" असे होते, त्यात सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही कोरलची चित्रे होती. तेव्हाच मी हार्ड कोरलची कागदपत्रे मागितली होती. "तशी काही नसतात, सगळेच ठेवतात," असे उत्तर मिळाले. म्हणून मी फक्त झोआंथिड, मशरूम, झेनिया आणि लेदर हे सॉफ्ट प्रकार घेतले. मिश्र टाकी त्यातूनही होते आणि सुंदर होते. सगळेच प्रवाळ-खडक बांधणारे दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. टॉर्च आणि हॅमर त्यात मोडतात. "परदेशातून आलेत" म्हटले तरी सुटका नाही, कारण दगडी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारालाही सायटीस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचे परवाने लागतात. मालवणच्या सागरी अभयारण्यात आणि विजयदुर्गसमोरच्या आंग्रिया बँकेवर जे थोडे प्रवाळ आपल्या वाट्याला उरलेत, त्यांच्यावर आधीच पाणी तापण्यापासून जाळ्यांपर्यंत सगळी संकटे आहेत. अशा वेळी एखाद्या कंपनीने तक्रार मिटवायला बिनकागदांचे प्रवाळ "मोफत" द्यावे, आणि तक्रारदार ग्राहकालाच आरोपी करून ठेवावे, हे मला धक्कादायक वाटते. हे आपल्या वरिष्ठांना ठाऊक आहे का, याचे उत्तर मला लेखी हवे.

जाता जाता आणखी एक. टॉप-अपसाठी (उडून गेलेले पाणी भरण्यासाठी) आपण आरओडीआय, म्हणजे क्षार काढून शुद्ध केलेल्या, पाण्याचे कॅन वेगळे पैसे लावून देता. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणाऱ्या माझ्या टीडीएस मीटरवर ते पाणी शून्य दाखवत नाही, गेल्या दोन महिन्यांत ६० च्या वर गेले आहे. म्हणजे उरलेले क्षार धरणारे डीआय रेझिन कधीच संपले आहे. त्या कॅनचे पैसेही मी देणार नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. ४५ किलो खडक आणि सर्व वाळू आपल्या मूळ बिलातल्या दराने बदलून द्यावी किंवा ती रक्कम परत करावी, आणि जुना खडक आपणच घेऊन जावा, मात्र तो दुसऱ्या कोणाच्या रीफ टाकीत जाणार नाही असे लिहून द्यावे. मेलेल्या जिवांचे पैसे सोबतच्या बिलांप्रमाणे द्यावेत. देखभाल करार मी संपवत आहे. वर्षाच्या ₹३६,००० पैकी सप्टेंबर ते मार्च या सात महिन्यांचे ₹२१,००० परत करावेत. प्रयोगशाळेची फी, पॅड आणि जादा मीठ यांच्या पावत्या जोडल्या आहेत. दोन वर्षे वाढवलेल्या टाकीची किंमत मी लावत नाही, ती लावता येत नाही.

त्या तंत्रज्ञाला कामावरून काढा असे मी मुळीच म्हणत नाही. मुलगा विशीतला आहे, आईशी नीट वागला, आणि गोड्या पाण्याच्या टाक्यांवरून त्याला थेट इकडे पाठवले होते असे त्याच्याच बोलण्यात आले. आधी येणारे काका रीफ जाणत होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी कोणाला काय शिकवून पाठवायचे, ही जबाबदारी आपली होती. निदान औषधांच्या पेटीत तांब्याच्या बाटलीवर लाल पट्टी लावा आणि जॉबकार्डवर टाकीत कोरल आहे की नाही, हा एक रकाना वाढवा. अ‍ॅपमध्येही "मासा मेला" या पर्यायाखाली आणखी काही जीव असतात, हे कोणीतरी डेव्हलपरला सांगा.

गणपतीत घरी आलेल्या प्रत्येकाने टाकीवर चादर का घातली आहे असे विचारले. आईला ते सांगावे लागले आणि दर वेळी "मीच सही केली" असे ती म्हणत राहिली. तिची सही म्हणजे औषधाला संमती, असा अर्थ आपल्या उत्तरात कुठेही काढू नये. तिला बाटलीचे लेबल दाखवलेले नव्हते.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आणि रक्कम न मिळाल्यास मी ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार दाखल करीन. औषधाची बाटली, निळा पडलेला पॅड आणि पाण्याचा दुसरा सीलबंद नमुना माझ्याकडे जपून ठेवला आहे. आपल्या प्रतिनिधीला ते माझ्या घरी येऊन पाहता येतील, नेता येणार नाहीत. येण्याआधी फोन करावा. करार संपल्याचे सोसायटीच्या वॉचमनला सांगितले आहे, त्यामुळे नेहमीच्या सर्व्हिस भेटीसाठी कोणाला पाठवू नये.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता आणि ग्राहक क्रमांक पाकिटावर आणि कराराच्या प्रतीवर)

सोबत: जॉबकार्ड आणि कराराची प्रत, खरेदीची बिले, प्रयोगशाळेचा अहवाल, टाकीचे व पॅडचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅप संभाषणाचे स्क्रीनशॉट, इतर पावत्या