दुपारच्या काचेची भानगड

पुणे, रविवार

प्रिय सुन्या,

पत्राला फार उशीर झाला. शिव्या राखून ठेव, भेटल्यावर घाल. इकडे सगळं ठीक, आईचा गुडघा आहे तसाच. आज लिहायला बसलो कारण ही भानगड दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

बाणेरच्या त्या काचेच्या इमारतीचं चित्र कॉम्प्युटरवर चालू आहे, अजून न बांधलेली इमारत खरी वाटेल असं. गिऱ्हाईकाकडून फर्मान आलंय : भर दुपारचं ऊन, निळंशार आकाश, आणि आत कॉफी पिणारी माणसं स्वच्छ दिसली पाहिजेत. "काच आहे ना, मग आरपार दिसणारच की!" हस तू, हस. बाणेर रोडवरून दुपारी कुठल्या ऑफिसातला माणूस दिसतो रे? समोरून पाहिलं तरी साधी काच दोन्ही बाजू मिळून जवळपास ८ टक्के प्रकाश परतवते, दुहेरी काच १४-१५. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दिवसाचं आकाश आतल्या भिंतीपेक्षा सहज शंभरपट उजळ असतं, म्हणजे त्याचे ८ टक्केसुद्धा खोलीच्या आठपट झाले. माणसं गेली वाहून. त्यात यांना कॅमेरा हवा फुटपाथवर, इमारतीला जवळजवळ चिकटून. ८० अंशांच्या तिरक्या नजरेला एकेरी काचसुद्धा निम्म्याहून जास्त प्रकाश परत पाठवते. मग म्हणाले, प्रतिबिंबच बंद करा. करून दाखवलं. खिडक्या बसवायच्या राहिल्यात असं दिसतं.

नमुना म्हणून त्यांनी जो फोटो पाठवलाय, तो बहुतेक पोलरायझर लावून काढलेला. नजर काचेच्या लंबाशी ५६ अंशांच्या आसपास असली की तो फिल्टर प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकतो. तेव्हा आपणही प्रतिबिंबांचे थर, म्हणजे ग्लॉसीचे पास, वेगळे काढून शेवटी थर जोडताना, कंपोझिटमध्ये, निम्मे करायचे. एवढी लबाडी मला चालते. त्याहून सरळ उपाय म्हणजे सूर्य क्षितिजाखाली ३-४ अंश न्यायचा आणि आतले दिवे लावायचे. आकाश मंदावतं, खोली जिंकते, माणसं दिसतात. पण ब्रोशरला "ऊन पाहिजे"!

दुसरं दुखणं प्रतिबिंबात दिसतं काय याचं. नवीन पोरं एचडीआरआय, म्हणजे चहूबाजूंच्या आकाशाचा एक अखंड फोटो, टाकतात आणि मोकळी होतात. सपाट काच म्हणजे आरसा, तिच्यात आकाशाचा जेमतेम कॅमेऱ्याच्या नजरेच्या कोनाएवढाच तुकडा दिसतो. ४केच्या, म्हणजे ४०९६ पिक्सेल रुंद, एचडीआरआयला ३६० अंशांत अंशामागे साधारण ११ पिक्सेल मिळतात, आणि ४० अंशांच्या, ४००० पिक्सेल रुंद चित्राला हवेत १००. मग समोरचं झाड म्हणजे हिरवी गोधडी. कॅमेऱ्याच्या पाठीमागे खरी भूमिती लागते : समोरची इमारत, वायरी, झाडं, दोन रिक्षा. चित्रात थेट येत नाहीत, पण काच त्यांच्यावरच जगते.

आणि सगळ्या काचा एकाच पातळीत ठेवल्या की संपलं, प्रतिबिंब अख्खंच्या अख्खं, प्लास्टिकचं. खऱ्या इमारतीत प्रत्येक तावदान थोडं वाकडं बसलेलं असतं. प्रत्येकाला ०.१ ते ०.३ अंश आडवंतिडवं फिरव. ०.२ अंश फिरवलं की प्रतिबिंब ०.४ अंश हलतं, ५० मीटरवरच्या खांबाला ३५ सेंटिमीटरचा धक्का. खांब तावदानागणिक तुटतो आणि चित्राला जीव येतो. टफन्ड काचेची लाट हवी तर अगदी हलका बंप, म्हणजे खोटा उंचसखलपणा, दे. रफनेसला, म्हणजे खरखरीतपणाला, मात्र हात लावू नकोस, ०.०५ दिलं तरी लांबचं प्रतिबिंब धूसर होतं.

काचेला जाडी द्यायची की नाही, हे लॉ कॉलेज रोडच्या टपरीवरचं भांडण अजून मिटलेलं नाही बरं का. तुझा तो जाडी नसलेला एकपदरी प्लेन! १.५२ अपवर्तनांक असलेला ग्लास शेडर, म्हणजे काचेचे गुण, त्यावर लावलास की किरण आत शिरतो, बाहेर पडत नाही, आणि मागची खोली काचेने भरल्यासारखी उथळ दिसते, मत्स्यालयासारखी. लांबच्या खिडक्यांना आरपार (ट्रान्स्परंट) आणि प्रतिबिंब (ग्लॉसी) हे दोन्ही फ्रेनेलने, म्हणजे नजर तिरकी होईल तसं प्रतिबिंब वाढवत, मिसळून तुझा प्लेन चालवून घेईन. जवळच्या खिडकीला बंद पेटीच. ६ मिमी काच, १२ मिमी पोकळी, ६ मिमी काच, पृष्ठभागांची तोंडं (नॉर्मल) बाहेर. एका खिडकीत चार पृष्ठभाग झाले, कोपऱ्यातून आरपार दिसलं तर आठ, मध्ये काचेच्या आणखी दोन-तीन वस्तू आल्या की सायकल्सचे (ब्लेंडरमधलं चित्र काढणारं इंजिन) नेहमीचे १२ बाउन्स, म्हणजे किरणाच्या उड्या, संपतात आणि तिथे काळा डाग पडतो. २४ वर ने. शॅडो रेला, म्हणजे सावली शोधणाऱ्या किरणाला, काच ट्रान्स्परंट दे, नाहीतर ऊन दारातच अडतं. कॉस्टिक्सच्या, म्हणजे काचेतून पडणाऱ्या कवडशांच्या, नादी लागलास तर रात्रभर पंखा घोंघावेल आणि सकाळी चित्रातले चमकते ठिपके, फायरफ्लाय, मोजत बसशील.

तुझ्या नव्या जागेचं काय झालं? पोरगी शाळेत रुळली का? वहिनींना नमस्कार. आणि तुझ्याकडची ती पिंपळ-गुलमोहराची मॉडेलं तेवढी पाठव, कॅमेऱ्यामागे लावायला हवी आहेत. उद्या परत त्यांच्याकडे बैठक आहे. मी संध्याकाळ आणि दुपार दोन्ही घेऊन जातोय, दुपारचीच उचलतील बघ.

तुझा,
बंड्या